कॉर्दोबा, सेव्हिल, ग्रानादा : आंदालुसियातल्या मशिदी, राजवाडे आणि कॅथेड्रल नीट कशी बघावीत

दक्षिण स्पेनमधली ही तीन शहरं बघायची असतील तर याच क्रमाने बघा, हे माझं पहिलं आणि सगळ्यात आग्रहाचं सांगणं. आधी कॉर्दोबा, मग सेव्हिल, शेवटी ग्रानादा. बरेच जण अल्हाम्ब्रा या डोंगरावरच्या किल्ला-राजवाड्याच्या ओढीने थेट ग्रानादा गाठतात आणि उरलेल्या दिवसांत बाकीचं उरकतात. अल्हाम्ब्राच्या नाजूक कोरीवकामाने एकदा डोळे दिपले, की कॉर्दोब्याच्या साध्या खांबांकडे मन लावून बघणं होत नाही. आणि खरी सुरुवात तर तिथेच आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. इ. स. ७११मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम फौजांनी स्पेन जिंकायला सुरुवात केली. युरोपीय लोक या अरब आणि बर्बर मंडळींना सरसकट ‘मूर’ म्हणत. दमास्कसमध्ये उमय्या घराण्याची सत्ता उलथली, तेव्हा त्या कत्तलीतून वाचलेला अब्द अल-रहमान हा राजपुत्र पळत पळत इथे आला आणि ७५६मध्ये कॉर्दोब्याचा अमीर झाला. पुढे ख्रिस्ती राजांनी उत्तरेकडून एकेक शहर परत घेतलं : १२३६मध्ये कॉर्दोबा, १२४८मध्ये सेव्हिल आणि २ जानेवारी १४९२ला ग्रानादा. म्हणजे आपल्या क्रमात शहरं जशी येतात, तशीच ती हातातून गेली.

या वास्तूंमध्ये नेमकं बघायचं काय, असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, सांधा बघा. जवळजवळ प्रत्येक इमारतीत एका राजवटीच्या गवंड्यांचं काम कुठेतरी थांबतं आणि दुसरीचं सुरू होतं. ती जागा सापडली की इमारत उलगडते. खाली तेवढ्या जागा नेमक्या दाखवण्याचा प्रयत्न केला आहे.

आधी अल्हाम्ब्राचं तिकीट

सहलीची आखणी अल्हाम्ब्राच्या तिकिटापासून करा. तिथल्या नासरी (ग्रानाद्याचं शेवटचं मुस्लिम राजघराणं) राजवाड्यांत दर अर्ध्या तासाला ठरावीक माणसांनाच सोडतात, त्यामुळे वसंतातली तिकिटं कित्येक आठवडे आधी संपलेली असतात. अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. शोध घेतला की सगळ्यात वर दिसतात ती बहुतेक दलालांची पानं, आणि त्यांचा दर बराच चढा असतो. अधिकृत संकेतस्थळावर काहीच शिल्लक नसेल, तरच गाइडसह मिळणाऱ्या तिकिटाचा विचार करा.

तिकीट नावावर निघतं. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच्या तसं भरा. आपल्याकडे मधलं नाव कुठे असतं, कुठे नसतं, तेव्हा एकदा ताडून बघा. दारावर मूळ पासपोर्ट मागतात, आणि आतही पुन्हा दाखवावा लागतो. १२ वर्षांखालच्या मुलांना पैसे पडत नाहीत, पण त्यांचंही तिकीट काढावंच लागतं. तिकिटावरची जी वेळ असते ती नासरी राजवाड्यांच्या दाराशी पोचण्याची असते, मुख्य फाटकाशी नव्हे. या दोन्हींत पायी १५ ते २० मिनिटांचं अंतर आहे. ही वेळ चुकली तर आत सोडत नाहीत.

ही तारीख हाती आली की तिच्याभोवती बाकीचं बसवा. सेव्हिलच्या अल्काझार या राजवाड्याचं तिकीटही वेळेनुसार असतं, तेही ऑनलाइन घेऊन ठेवा. कॉर्दोब्याच्या मेस्किता या मशीद-कॅथेड्रलसाठी आणि सेव्हिलच्या कॅथेड्रलसाठी गर्दीचे दिवस सोडले तर इतकी घाई लागत नाही.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी तो पोचायला हवा. इतक्या काठावर जाऊच नका, कारण मुख्य अडचण अपॉइंटमेंट मिळण्याची असते. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा सक्तीचा आहे.

ऋतू म्हणाल तर मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिल आणि कॉर्दोब्यात पारा ४०च्या वर जातो. आपल्याला उन्हाची सवय आहे म्हणून त्या दिवसांत जाऊ नका, तिथे दिवसभर पायीच हिंडायचं असतं. ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा बघण्यासारखा असतो, रस्त्यांवरून मोठमोठ्या मिरवणुका निघतात. मात्र त्या काळात कॅथेड्रलच्या वेळा बदलतात आणि हॉटेलांचे दर भिडतात आभाळाला. इमारती शांतपणे बघायच्या असतील तर तो आठवडा टाळा.

माद्रिदहून कॉर्दोब्याला वेगवान आव्हे रेल्वेने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात, कॉर्दोब्याहून सेव्हिल पाऊण तासावर. सेव्हिलहून ग्रानाद्याला रेल्वे किंवा बस, साधारण तीन तास धरा. कॉर्दोब्यात एक मुक्काम, सेव्हिलला दोन पूर्ण दिवस आणि ग्रानाद्याला दोन, एवढं तरी हवं. कॉर्दोबा सेव्हिलहून दिवसभरात जाऊन येण्यासारखं आहे हे खरं, पण मुक्काम करण्याला एक मोठं कारण आहे, ते आता सांगतो.

कॉर्दोबा : सकाळी साडेआठ

मेस्किता-कॅथेड्रल सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ या वेळेत विनामूल्य उघडं असतं. या वेळी टूरचे गट नसतात आणि सगळ्यांनी शांतता पाळायची असते. फुकट मिळतं म्हणून नव्हे, त्या शांततेसाठी जा. रात्री मुक्काम असेल तरच हे जमतं. नंतर वाटलं तर तिकीट काढून पुन्हा एकदा सावकाश आत जा. मी तर दोन्ही वेळा जावं असंच म्हणेन. निघण्याआधी त्या दिवसाची वेळ मात्र बघून घ्या, धार्मिक सणांना बदल होतो.

संत्र्यांच्या झाडांच्या अंगणातून आत शिरलात की समोरचा आणि उजवीकडचा भाग सर्वात जुना. पहिल्या अब्द अल-रहमानच्या काळात, ७८५च्या सुमारास, तो बांधायला घेतला. इथे घाई न करता चार-पाच खांब निरखून बघा. एकाचा दगड गुळगुळीत, दुसऱ्याचा पीळदार. माथ्यावरची कोरीव शीर्षंही एकमेकांशी जुळत नाहीत. हे खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (मूरांच्या आधीचे राज्यकर्ते) इमारतींमधून उचलून आणलेले आहेत. ते आखूड होते आणि एवढ्या मोठ्या दालनाला छत उंच हवं होतं. म्हणून कारागिरांनी एका कमानीवर दुसरी कमान चढवली. लाल वीट आणि फिकट दगड आलटून पालटून लावलेल्या त्या दुहेरी कमानी या अडचणीतून जन्मल्या, आणि पुढे त्याच या इमारतीची ओळख झाल्या.

आता सरळ दक्षिणेकडे चालत जा. खलिफा दुसऱ्या अल-हकमने दहाव्या शतकात केलेल्या विस्तारात खांब याच जागेसाठी घडवलेले आहेत, निळसर-काळा आणि गुलाबी असे एकाआड एक. त्यांच्या शेवटी मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, आहे. सोनेरी मोझेकचे ते बारीक तुकडे कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती बायझंटाईन सम्राटाने पाठवले, सोबत कारागीरही. मान वर करून समोरच्या घुमटाच्या एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्या बघायला विसरू नका. तिथून डावीकडे, पूर्वेच्या बाजूला गेलात की अल-मन्सूर या सत्ताधारी वजिराचा ९८७ नंतरचा विस्तार लागतो. कमानींच्या लाल पट्ट्या जवळून पाहा : इथे विटा नाहीत, दगडावर लाल रंग दिलेला आहे. घाईने आणि मोठ्या आकारात केलेलं काम कसं दिसतं, ते इथे शेजारी शेजारी ठेवलेलं आहे.

आणि या खांबांच्या रानाच्या मधोमध कॅथेड्रल. शहर जिंकल्यावर जवळजवळ तीनशे वर्षं ख्रिस्ती उपासना मशिदीच्या इमारतीतच, फारसा धक्का न लावता चालत होती. १५२३मध्ये बिशपने मधले खांब काढून उंच कॅथेड्रल बांधायला घेतलं. कॉर्दोब्याच्या नगरसभेनेच त्याला कडाडून विरोध केला होता. वाद स्पेनचा राजा असलेल्या पाचव्या चार्ल्सपर्यंत गेला आणि त्याने बिशपच्या बाजूने कौल दिला. पुढे प्रत्यक्ष बघितल्यावर तो हळहळला, अशी कथा सांगतात.

इथे बहुतेकांना राग येतो किंवा वाईट वाटतं. मला वाटतं, त्या रागात अडकू नये. मध्यभागी उभे राहून कडेला बघा, जिथे मशिदीची बुटकी कमान कॅथेड्रलच्या भिंतीला जाऊन टेकते. हाच तो सांधा. इमारत चर्चच्या वापरात राहिली म्हणून तिची देखभाल होत राहिली, हेही तितकंच खरं. मशीद पूर्ण पाडली की काय उरतं ते सेव्हिलला दिसेलच.

हे आजही चालतं कॅथेड्रल आहे. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, टोपी काढा. आत नमाज पढायला परवानगी नाही. यावरून शहरात मतभेद आहेत, पण पाहुण्याने तिथल्या पहारेकऱ्यांशी त्यावर हुज्जत घालू नये. प्रवासाच्या मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत, त्या हॉटेलवर ठेवून या.

अर्धा दिवस हाताशी असेल तर शहराच्या पश्चिमेला ८ किलोमीटरवर मदीना अझाहारा बघा. तिसऱ्या अब्द अल-रहमानने ९३६मध्ये वसवायला घेतलेलं हे राजनगर एका शतकाच्या आतच यादवीत उद्ध्वस्त झालं. आधी पायथ्याचं संग्रहालय बघायचं, मग तिथल्या बसने वर अवशेषांकडे जायचं. सावली जवळजवळ नाही, तेव्हा सकाळीच आटपा.

सेव्हिल : दोन लेख एका दारावर

सेव्हिलला अल्काझारसाठी सकाळची पहिली वेळ घ्या आणि आत शिरल्यावर थेट पेद्रो राजाच्या राजवाड्याच्या दर्शनी भिंतीपुढे जाऊन उभे राहा. पेद्रो ख्रिस्ती राजा. १३६४च्या सुमाराला त्याने हा राजवाडा बांधवून घेतला तो मुस्लिम शैलीत, सेव्हिल, तोलेदो आणि ग्रानाद्याच्या कारागिरांकडून. ख्रिस्ती अमलाखालच्या या इस्लामी वळणाच्या कलेला मुदेहार म्हणतात. दारावर उंच बघा. निळ्या-पांढऱ्या फरशांमध्ये कोनदार कूफी लिपीत ‘अल्लाहखेरीज कोणी विजयी नाही’ हे ग्रानाद्याच्या नासरी सुलतानांचं ब्रीद पुन्हा पुन्हा लिहिलेलं आहे. त्याच्याच सभोवती गॉथिक अक्षरांत पेद्रोचं नाव आणि पदव्या. माझ्या मते सबंध आंदालुसियात याहून बोलकी भिंत नाही. लोक तिच्याकडे पाठ करून फोटो काढतात आणि आत जातात. तुम्ही दहा मिनिटं थांबा.

आत ‘दोन्सेयास’ अंगण लागतं. त्याचा खालचा मजला पेद्रोचा, बारीक कोरलेल्या गिलाव्याचा. वरचा सोळाव्या शतकातला, इटालियन वळणाच्या गुळगुळीत संगमरवरी खांबांचा. दोन्हींमधला फरक समोरच्या बाजूला उभं राहिलं की एका नजरेत येतो. अंगणातली खोलगट बाग शेकडो वर्षं फरसबंदीखाली गाडलेली होती, या शतकाच्या सुरुवातीच्या उत्खननात ती बाहेर आली. तिथून राजदूतांच्या दालनात जा, त्याचा सोनेरी लाकडी घुमट १४२७चा आहे. राजघराण्याच्या वरच्या दालनांचं तिकीट वेगळं असतं. वेळ कमी असेल तर ती सोडा आणि बागांना द्या.

कॅथेड्रल रस्त्यापलीकडेच आहे. तिकीट मात्र जवळच्या एल साल्वादोर चर्चमध्ये काढा. एकाच तिकिटात दोन्ही येतं आणि तिथली रांग बहुधा छोटी असते. हे चर्चसुद्धा शहरातल्या सर्वात जुन्या मशिदीच्या जागी उभं आहे.

अल्मोहाद या मुस्लिम राजघराण्याने बांधलेली सेव्हिलची मोठी मशीद पाडून पंधराव्या शतकात हे प्रचंड गॉथिक कॅथेड्रल उभं राहिलं. मशिदीचं उरलं काय, तर संत्र्यांचं अंगण आणि हिराल्दा मिनार. हिराल्दा चढायला पायऱ्या नाहीत, ३५ चढते उतार आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून तशी रचना केली, असं सांगतात. गुडघे दुखणाऱ्यांनाही सावकाश गेलं तर जमतं, अगदी शेवटच्या पायऱ्या तेवढ्या आहेत. बाहेरून बघताना विटांची जाळीदार नक्षी संपते तिथवर बाराव्या शतकातला मिनार आणि त्यावरचा घंटाघराचा भाग १५६८मध्ये पुरा झालेला. एकूण उंची सुमारे १०४ मीटर. कॅथेड्रलमध्ये कोलंबसची शवपेटी चार राज्यांच्या पुतळ्यांनी खांद्यावर घेतलेली आहे, तिच्याभोवती कायम गर्दी. मुख्य वेदीमागचा सोनेरी लाकडी पडदा मात्र निवांत बघायला मिळतो.

जुन्या गोव्यातल्या सोनेरी वेद्या ज्यांनी बघितल्या आहेत त्यांना इथे ओळखीचं वाटेल, आणि त्यामागे खरंच नातं आहे. कॅथेड्रलच्या शेजारी ‘आर्काइव्हो दे इंदियास’ हे दफ्तरखाना असलेलं भव्य घर आहे, प्रवेश मोफत. १४९४च्या तोर्देसियास तहाची पोर्तुगीजांकडून आलेली प्रत या दफ्तरात जतन केली आहे. अटलांटिकमध्ये एक रेषा ओढून स्पेनने पश्चिम घेतली आणि पोर्तुगालने पूर्व. त्या वाटणीच्या जोरावर वास्को द गामा १४९८मध्ये कालिकतला आला, १५१०मध्ये आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतलं आणि १५६२मध्ये जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलचं बांधकाम सुरू झालं.

खाण्याचं

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण विचारून घ्यावं लागतं. कॉर्दोब्याचं थंडगार साल्मोरेहो टोमॅटो आणि पावाचं असतं, तरी वर डुकराच्या मांसाचे तुकडे आणि अंडं भुरभुरवतात. ‘सिन हामोन’ म्हणून सांगा, अंडं नको असेल तर ‘सिन वेवो’. तिथलीच तळलेली वांगी, वर काकवीसारखा उसाचा मधुर पाक घातलेली, अजिबात चुकवू नका. सेव्हिलला पालक-छोल्यांची भाजी मिळते, ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’. ग्रानाद्यात पेयासोबत एक छोटी डिश फुकट येते, ती बहुधा मांसाहारी, म्हणून मागवतानाच बोला. दुपारचं जेवण दोनच्या आधी सहसा मिळत नाही. पिशवीत काहीतरी ठेवा.

कॅथेड्रलच्या आसपास काही बायका हातात रोझमेरीची डहाळी देतात आणि हात बघून पैसे मागतात. डहाळी घेऊच नका, मान हलवून पुढे चला.

ग्रानादा : खाली वाकून बघायचा राजवाडा

अल्हाम्ब्राला साडेतीन-चार तास लागतात. शहरातून सी३० किंवा सी३२ ही छोटी बस वर जाते. तिकीट आधीच हातात असेल तर न्यायदरवाजातून शिरा, नासरी राजवाडे तिथून जवळ पडतात. तुमची वेळ दहा-साडेदहाची असेल तर आधी अल्काझाबा हा किल्ला आणि त्याचा वेला बुरूज करा, मग राजवाडे, शेवटी हेनेरालिफे या सुलतानांच्या उन्हाळी महालाच्या बागा. पाठीवरची सॅक राजवाड्यात पोटावर घ्यायला लावतात, मोठी सॅक ठेवून घेतात. एकदा बाहेर पडलं की राजवाड्यात परत शिरता येत नाही, म्हणून मागून येणाऱ्या गटाला पुढे जाऊ द्या आणि दोन गटांमधल्या मोकळ्या वेळात दालन बघा.

प्रत्येक भिंत तीन टप्प्यांत वाचायची. कमरेपर्यंत रंगीत फरशांची भूमिती, त्यावर कोरीव गिलावा, त्यावर लाकडी छत. गिलाव्यात सेव्हिलच्या दारावर बघितलेलं तेच ब्रीद इथे जागोजागी सापडेल. आधी ओळख झालेली असल्यामुळे ते चटकन दिसतं, हा क्रम पाळण्याचा हाही एक फायदा. सोबत कविता आहेत, आणि त्यांतल्या अनेकींमध्ये इमारत स्वतःच ‘मी’ म्हणून बोलते.

राजदूतांच्या दालनात आणि पुढे लिंदाराहाच्या सज्जात खिडक्या फार खाली आहेत असं वाटेल. आपल्या वाड्यांतल्या बैठकीसारखी इथली माणसं जमिनीवर गालिचे-गाद्या घालून बसत, आणि सगळी रचना त्या नजरेसाठी केलेली आहे. दोन्ही ठिकाणी गुडघे वाकवून डोळे खिडकीच्या पातळीला आणा. उभ्याने दिसलेलं दालन आणि हे दालन यांत केवढा फरक आहे! राजदूतांच्या दालनाचं छत ८,०१७ लाकडी तुकड्यांचं आहे, सात आकाशांची कल्पना त्यात मांडलेली.

सिंहांच्या अंगणात १२ सिंह आणि १२४ खांब. हे पाचव्या मुहम्मदचं काम, म्हणजे पेद्रोच्या समकालीनाचं. दोघे मित्र होते, एकमेकांचे मदतगार. राजदूतांच्या दालनासमोरच्या कोमारेस अंगणातल्या हौदाच्या टोकांना पाणी आत येण्याची जागा मुद्दाम बघा. ते थेट हौदात पडत नाही, आधी वळसा घेऊन मंदावतं, म्हणून पृष्ठभाग हलत नाही आणि मनोऱ्याचं प्रतिबिंब मोडत नाही. हे पाणी दारो नदीतून सुमारे ६ किलोमीटर लांबीच्या पाटाने डोंगरावर आणलेलं.

सांधा इथेही आहे. नासरी राजवाड्यांना अगदी चिकटून १५२७मध्ये पाचव्या चार्ल्सने स्वतःचा राजवाडा सुरू केला. बाहेरून चौकोनी, आत गोल अंगण, पूर्णपणे रोमन थाटाचा. तिथे जायला तिकीट लागत नाही. अनेकांना तो उपरा वाटतो. मला त्याचं गोल अंगण आवडतं, मात्र नासरी राजवाड्यांच्या आधी बघितलं तर. नंतर गेलात तर ते कोरडं वाटेल.

संध्याकाळी अल्बायसिन वस्तीतल्या सान निकोलासच्या कठड्यावर सगळे जमतात, गर्दीत पाकीट सांभाळा. शेजारीच २००३मध्ये सुरू झालेली नवी मशीद आहे. तिची बाग पाहुण्यांना खुली असते आणि समोर तोच अल्हाम्ब्रा, गर्दी मात्र कमी.

दुसरा दिवस खालच्या शहराला द्या. ग्रानाद्याचं कॅथेड्रल १५२३मध्ये सुरू झालं, त्याच्या लगतचं साग्रारियो चर्च जुन्या मोठ्या मशिदीच्या जागेवर आहे. राजचॅपेलचं तिकीट कॅथेड्रलहून वेगळं. ग्रानादा जिंकणारे इसाबेला आणि फेर्दिनांद इथे पुरलेले आहेत. वर संगमरवरी भव्य समाधी, आणि काही पायऱ्या उतरलं की खाली साध्या शिशाच्या शवपेट्या. आत फोटो काढू देत नाहीत. बाहेर आलात की गल्लीच्या पलीकडचं दार युसुफ सुलतानाने १३४९मध्ये स्थापन केलेल्या मदरशाचं, आज ते ग्रानादा विद्यापीठाकडे आहे. रस्त्यावरून ते अठराव्या शतकातलं घर दिसतं, म्हणून लोक न थांबता पुढे जातात. आत जुनं प्रार्थनादालन आणि त्याचा मिहराब शाबूत आहे. तिकीट किरकोळ, पंधरा-वीस मिनिटांत बघून होतं, आणि राजचॅपेलमधून निघालेल्या माणसाने ते त्याच दिवशी, लगेच बघावं.